मागच्या चाकांची ओढ आणि बाजाराचा हिशेब

प्रश्न : मागील चाकांना शक्ती देणाऱ्या वेगवान सेडानचे जाणकार कौतुक करतात, तरीही शेवरले एसएस अमेरिकेत का टिकली नाही?

उत्तर : गाडी वेग घेताना तिचा भार मागे सरकतो, त्यामुळे इंजिनाची शक्ती मागील चाकांकडे नेल्यास त्यांना रस्त्यावर चांगली पकड मिळते आणि पुढील चाके केवळ वळण्यासाठी मोकळी राहतात. या मांडणीचे आकर्षण मुख्यतः सुकाणूच्या निर्मळ प्रतिसादात आहे. मात्र शक्ती मागे नेणाऱ्या लांब दांड्यामुळे आतली जागा घटते व खर्च वाढतो. ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाची, ४१५ अश्वशक्तीची एसएस ही मुळात ऑस्ट्रेलियाची होल्डन कमोडोर असून, ती ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ येथील कारखान्यात तयार होऊन समुद्रमार्गे अमेरिकेत येत असे. जाहिरात तुटपुंजी, रूप (काहीसे अन्यायकारकरीत्या) सामान्य मानले गेलेले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तो कारखानाच बंद झाला. याउलट याच जातीच्या डॉज चार्जरचा सांगाडा क्रायस्लर ३०० व चॅलेंजर यांच्याशी बराचसा सामाईक असल्याने खर्च विभागला गेला, आणि एसयूव्हीच्या लाटेतही तिचे व्ही-८ रूप २०२३ पर्यंत तग धरून राहिले.