पर्समधली मापाची टेप

माझी छाती ४४ इंच, दंडघेर १६. हल्ली दुकानात शिरल्याबरोबर मी हे आकडे मोठ्याने सांगते. एवढं बोलायला मला बरीच वर्षं लागली.

लक्ष्मी रस्त्यावर ऐन दिवाळीच्या गर्दीत एका विक्रेत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकू, तुमच्या साइजमध्ये फॅन्सी काही येत नाही." शेजारच्या बायकांनी वळून पाहिलं. मला हवा होता मोरपंखी कुर्ता. काळा, ढगळ कुर्ता घेऊन मी बाहेर पडले. पुढे भाचीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी "घट्ट असला की बारीक दिसता" म्हणून मुंढा आवळून ठेवला. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता टाकायला हात वर केला आणि काखेतली शिवण टर्रकन उसवली. उरलेला सोहळा मी दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन काढला. घरी येऊन ब्लाउज उलटा केला, तर आत पाव इंचही माया ठेवलेली नव्हती. उसवून सैल करायलाही जागा नाही!

या दोन्ही वेळा मला माझ्या शरीराची लाज वाटली, आणि तेच मला आज सर्वांत जास्त खटकतं. शरीराने काही बिघडवलेलं नव्हतं. मुंढा चुकला होता, आणि दुकानात माल नव्हता.

एक्सएल, डबल एक्सएल या अक्षरांचा तर धसकाच घेऊ नका. एका कंपनीचा एक्सएल दुसरीच्या लार्जएवढा निघतो. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या ब्रिटन-अमेरिकेतल्या मापांच्या तक्त्यांत थोडाफार फेरफार करून कपडे बेतत आल्या आहेत. भारतीय बांध्याची स्वतःची मापं हवीत, म्हणून तर निफ्ट या सरकारी संस्थेने 'इंडियासाइज' हे सर्वेक्षण हाती घेतलं आणि २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचं ठरवलं. मुळात तक्ताच आपल्यासाठी बेतलेला नसेल, तर तो अंगाला बसला नाही याचं वाईट आपण का वाटून घ्यायचं?

म्हणून टेप पर्समध्ये ठेवा. छाती, कंबर, सीट आणि दंडघेर लिहून ठेवा. लेबलवरचा ४४ हा आकडा अंगाच्या मापाचा आहे की तयार कपड्याच्या, हे आधी विचारा. दोन्हींत दोन-चार इंचांचा फरक असतो आणि ऑनलाइन खरेदीत घोळ बहुतेक इथेच होतो. ट्रायल रूममध्ये आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. हात वर करा, वाका, स्टुलावर बसून पाहा. आधी खांदा आणि मुंढा तपासा, कारण बाजूची शिवण कुणीही आत-बाहेर करून देईल, खांदा मात्र सहसा दुरुस्त होत नाही. कुर्त्याचा कट सीटच्या खाली सुरू होत असेल तर बसताना तो ताणणारच. सुती कापड धुतल्यावर आटतं, तेव्हा कपडा थोडा सैलच घ्या. साडीबरोबरचा ब्लाउजपीस बहुधा ८० सेंटिमीटरचा असतो. मोठ्या मापाला कोपरापर्यंत बाही हवी असेल तर तो पुरत नाही, जोडीचं कापड आधीच घेऊन ठेवा. आणि शिवायला टाकताना ठणकावून सांगा: दोन्ही बाजूंना इंचभर माया हवी.

वजनाबद्दल जे सांगायचं ते डॉक्टर सांगतील, तो विषय दवाखान्यातला. कपडा मात्र आज जे अंग आहे त्यालाच घ्यायचा असतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या ट्रायल रूममधून एका आईचा आवाज आला, "पोट आत घे, मग बसेल." आतली मुलगी जेमतेम तेरा-चौदा वर्षांची असेल. ती बाहेर आली ती ड्रेस हातात घेऊन, मान खाली घालून. "नको मला काही," एवढंच म्हणाली. आयांनो, मावशांनो, पडद्याबाहेर उभ्या असाल तेव्हा मुलीच्या पोटाबद्दल, दंडांबद्दल एक अक्षरही काढू नका. "कुठे टोचतंय का गं?" एवढं विचारा आणि टोचत असेल तर पुढचं माप आणून द्या.