मारून घेतलेली कबुली आणि आपला कायदा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाखेत एका संध्याकाळी रोकड जुळेना. पन्नास हजार रुपये कमी भरत होते. आमचा शिपाई त्या दिवशी दोनदा कॅश केबिनमध्ये आला होता, म्हणून संशय त्याच्यावर गेला. कोणी म्हणाले, "चौकीत द्या, दोन पट्टे बसले की आपोआप बोलेल." मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. शिपाई हात जोडून म्हणाला, "साहेब, मीच घेतले असे लिहून देतो. पगारातून कापून घ्या, पण पोलिसांत देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक व्यापारी पाचशेच्या नोटांची जादा गेलेली गड्डी परत घेऊन आला. ती गड्डी माझ्याच हातून गेली होती.

तो निर्दोष माणूस मार खाण्यापूर्वीच कबुली द्यायला तयार झाला होता. नुसत्या भीतीने जर असे होते, तर प्रत्यक्ष मारहाणीत काय होत असेल? या प्रश्नामुळे मी या विषयाचे वाचन सुरू केले. त्यातील काही भाग येथे मांडतो.

कायदा काय सांगतो?

१) डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या संविधानाचे कलम २०(३) सांगते की, आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. कलम २१ जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते. ही कलमे सज्जनांपुरती नाहीत, आरोपीलाही लागू आहेत.

२) पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात घातला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये आहे. मात्र आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरते त्याचे सांगणे ग्राह्य धरतात. मारहाणीचा मोह बहुधा येथेच होतो.

३) कबुलीसाठी किंवा माहितीसाठी दुखापत करणे हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत त्यासाठी कलम ३३० व ३३१ होती, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १२० आहे. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गणवेशाला सूट नाही.

४) औषध टोचून बोलते करणे, म्हणजे नार्को चाचणी, तसेच ब्रेन मॅपिंग व पॉलिग्राफ या चाचण्या संमतीशिवाय करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात दिला. त्यापूर्वी, २००८ मध्ये, पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या चाचणीचा आधार घेतला होता, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांनी लक्षात ठेवावे.

नागपूरचा खटला

जून १९९३ मध्ये नागपूर येथे लुटीच्या तपासात पोलिसांनी एका माणसाला मध्यरात्रीनंतर घरातून उचलले. त्याला बेदम मारहाण झाली आणि तो कोठडीत मृत सापडला. 'यशवंत विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने दोषी पोलिसांची कलम ३३० खालची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षे, म्हणजे त्या कलमाची कमाल मर्यादा, इतकी वाढविली. न्याय झाला, पण त्याला पंचवीस वर्षे लागली.

"पण बॉम्ब ठेवणाऱ्याला कसली दया?"

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो आणि तो टाळू नये. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १८० हून अधिक माणसे मेली. मोक्का कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली पुरावा म्हणून चालते, आणि या खटल्यात अशा कबुलीजबाबांवर मोठी भिस्त होती. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. कबुलीसाठी छळ झाल्याचे आरोपींनी दाखवून दिले आहे, असे निकालात म्हटले आहे. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात दिला. मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही.

या उदाहरणात आरोपींच्या वर्षांइतकाच मृतांच्या कुटुंबीयांचा विचार करा. एकोणीस वर्षांनंतर उच्च न्यायालयाने त्यांना सांगितले की, गुन्हा शाबीत झालेला नाही. दंडुक्याने मिळालेल्या उत्तरावर तपास थांबला, तर खरा गुन्हेगार मोकळाच राहतो. म्हणून हा प्रश्न दयेचा कमी आणि सत्याचा अधिक आहे.

परभणी

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. येथे प्रश्न चौकशीपेक्षाही कोठडीतील मारहाणीचा होता. त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. एका आईने कायद्याचा धरलेला हात किती दूर पोहोचतो, हे यातून दिसते.

आपण काय करावे?

पिंपरी, भोसरी, चाकण पट्ट्यात गावाकडून आलेला कंत्राटी कामगार भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. कंपनीतून तांब्याची तार गेली की पहिले बोट त्याच्याकडे जाते. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अटकेचे कारण विचारावे. अटकेची माहिती नातलगाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावेच लागते. वैद्यकीय तपासणी होते, तेव्हा प्रत्येक जखम नोंदवून घ्यावी. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते. दंडाधिकाऱ्याने "काही तक्रार आहे का?" असे विचारल्यास न घाबरता सांगावे. १९९६ च्या डी. के. बसू निकालातील सूचना आणि २०२३ ची नागरिक सुरक्षा संहिता यांत यांपैकी बहुतेक गोष्टी आल्या आहेत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्या चित्रणाची मागणी वेळेत करावी.

उणीवही सांगितली पाहिजे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अजून अंतिम मान्यता दिलेली नाही. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही झालेला नाही.

आणि शेवटी एक काम आपल्या स्वतःकडे आहे. "दोन ठेवून द्या, बोलेल" हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये. ते त्या संध्याकाळी मी ऐकले आणि मान डोलावली. आमचा शिपाई पुढे सन्मानाने निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मी त्याची माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, "साहेब, गड्डी परत आली म्हणून बरे." ती परत आली नसती तर काय झाले असते, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.