दुखणं त्याचं, सोबत माझी

मुलाला सोळाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा झाला. मानेवरच्या गाठीचा पहिला संशय आपल्याकडे टीबीवरच जातो. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत, मुलाला टीबीच निघू दे, असं देवाला साकडं घालणारी आई मी. पुढच्या काही महिन्यांत उमगलेलं हे थोडंफार.

१. आजारी पडला तरी सोळा वर्षांचा मुलगा सोळा वर्षांचाच राहतो. केमोचं ऐकल्यावर त्यानं आधी विचारलं, "केस कधी जाणार?" मला ते पोरकट वाटलं. मग लक्षात आलं, आपण बरे होणार हे त्यानं गृहीत धरलंय. ते जमत नव्हतं मलाच.

२. डॉक्टर प्रश्न त्याला विचारायचे, उत्तर मी द्यायचे. मळमळ कमी आहे का? "हो, कालपासून." शेवटी तो म्हणाला, "आई, पोट माझं आहे." डॉक्टर हसले. मी पर्समधली फाइल उगाच नीट लावली.

३. काही गोष्टी आईनं नुसत्या ऐकून घ्याव्यात. केमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून आधीच वीर्य गोठवून ठेवायचं का, हे डॉक्टरांनी थेट त्याला विचारलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. त्यानं शांतपणे विचारलं, किती वर्षं टिकतं, खर्च किती. आणि मी त्याच्या डब्यातली भाजीसुद्धा त्याला न विचारता ठरवत होते!

४. औषधांची ओळख झाली की त्यांचा धाक कमी होतो. डॉक्सोरुबिसिन लालभडक, त्यानंतर लघवी लाल होते, हे सिस्टरनी आधीच सांगितलं म्हणून आम्ही घाबरलो नाही. डकार्बाझिनला उजेड सोसत नाही, म्हणून त्याची बाटली झाकलेली. व्हिनब्लास्टिन तर मुळात सदाफुलीतून मिळालेलं. हे कळताच सासूबाई कुंडीतल्या सदाफुलीचा काढा करायला निघाल्या. ते झाड तसंच पोटात गेलं तर विषारी, हे त्यांना नातवानंच समजावलं. माझं त्यांनी ऐकलं नसतं.

५. माझ्या भीतीला एक आकडा मिळाला: १००.४ फॅरनहाइट. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. तेव्हा एवढा ताप आला की घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. तरी मी रात्री उठून त्याच्या कपाळाला हात लावायचे. "थर्मामीटर लाव आणि जा," तो डोळे न उघडता म्हणायचा. हाताला आकडा कळत नाही, पण हाताला ते कोण सांगणार?

६. धीर कुठून मिळेल, सांगता येत नाही. नातेवाईक गव्हांकुर आणि अंगारे घेऊन आले, प्रेमानंच आले. त्याचा मित्र मात्र मास्क लावून लांब बसायचा आणि क्लासच्या सरांची नक्कल करायचा. आजाराचा विषयही काढायचा नाही. त्या दिवशी पोरगा दोन पोळ्या जास्त खायचा.

७. उपचार संपले म्हणून आईपण पूर्वीच्या जागी परत जात नाही. आता ठरावीक अंतरानं तपासणी असते. मागच्या वेळी मी पर्स घेऊन तयार झाले, तर म्हणाला, "तू आलीस तरी चालेल." या वयातल्या मुलाकडून एवढं आमंत्रण म्हणजे पुष्कळ झालं. मी गेले. आत तोच बोलला.