त्याची आई प्रोजेक्ट करत नाही

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला : उद्या जलचक्राचं मॉडेल आणायचं. ओटा आवरायचा होता, डब्याची मटकी निवडायची होती. तरी मी पुठ्ठा शोधला आणि साडेअकराला ढगांना कापूस चिकटवत बसले. लेक केव्हाच झोपला होता.

आपण सगळेच करतो हे. वर्गात मुलाची मान खाली जाऊ नये, एवढंच मनात असतं.

दुसऱ्या दिवशी लेक सांगत आला, "आई, त्याला बाईंनी उभं केलं. त्याची आई प्रोजेक्ट करत नाही."

'तो' म्हणजे त्याच्या बाकावरचा मित्र, आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर आलेला. वडील रिक्षा चालवतात, आई तीन घरची धुणी-भांडी करते. फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर. निरोप घरी पोचला तेव्हा पोरगं झोपलं होतं आणि दुकानं बंद झाली होती.

प्रोजेक्ट आईनेच करायचं असतं, हे माझ्या मुलाने किती सहज गृहीत धरलं होतं! शिकवलं कुणी? मीच.

दोन दिवसांनी शाळेच्या फाटकाशी त्याच्या आईने डायरी माझ्यापुढे धरली. "ताई, काय लिहिलंय बघा की." इंग्रजीत एकच ओळ होती, पालकांनी लक्ष द्यावं अशी. मला ती वाचून दाखववेना. ती आपणहून म्हणाली, "मी रोज बसते हो त्याच्याजवळ. तो वाचतो, मी भाकरी थापते. वाचलेलं कळत नाही, पण अडखळला की कळतं."

याहून वेगळं लक्ष काय असतं?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांतल्या प्रवेशाच्या वर्गाच्या २५ टक्के जागा त्याच्यासारख्या घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला : जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधले महिने अशा किती घरांनी जीव मुठीत धरून काढले असतील! पण प्रवेश मिळाला तरी रात्रीचा पुठ्ठा, कापूस, प्रिंटआउट आणि शिकवणी कायद्यात कुठे बसते?

आणि गावाकडच्या शाळांचं? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांना दुसरीचा उतारा वाचायला देतात. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांनाही तो धड वाचता आला नाही. हे वाचलं की आपण पटकन म्हणतो, घरी कोणी बघत नसेल. मला आता तसं म्हणवत नाही. घरी शिकवायला कुणी नाही, त्या मुलाला शाळेत किती येतं, यावर मी शाळेचा दर्जा ठरवेन. आपल्या 'चांगल्या' शाळांच्या निकालात आपली जागरणं किती असतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

पालकसभेत बोलताना माझा आवाज कापत होता. प्रोजेक्ट वर्गातच करून घ्या, सामान शाळेने द्यावं, एवढंच मागितलं. बाईसुद्धा थकलेल्या असतात, त्यांच्या वर्गात पंचेचाळीस मुलं आहेत. पण त्या "बघते" म्हणाल्या आणि खरंच बघितलं. तुम्हीही विचारून बघा ना. एकटीने अवघड वाटलं तर दोघी-तिघी मिळून जा. ग्रुपवरचा निरोप ज्या घरी पोचत नाही, तिथे एक फोन करा. आणि आपल्या मुलाचं मॉडेल वाकडं झालं तर होऊ द्या. हे मला अजून जड जातं, हात शिवशिवतात.

सभेच्या पुढच्या आठवड्यात बाईंनी वर्गातच जलचक्र काढून घेतलं. लेकाने डोंगर, ढग, नदी, समुद्र काढला. मित्राच्या चित्रात नदीच्या पुढे एक नळ होता, आणि नळापुढे हंड्यांची रांग. "आमच्याकडे पाणी पहाटे पाचला येतं," तो बाईंना म्हणाला, "मी आणि आई भरतो."

बाईंनी ते चित्र फळ्याशेजारी लावलंय. लेकाने मला हात धरून नेऊन दाखवलं.