पंखा शंभरावर, तरी कार्ड तापलेलेच!

प्रश्न : कळंबला माझा फोटो स्टुडिओ आहे. पुण्याहून सुटे भाग आणून असेंबल केलेल्या पीसीवर लग्नांचे एडिटिंग करतो. आरटीएक्स 3060 कार्ड जानेवारीत 69 अंशांपर्यंत जायचे, आता 85 दाखवते. फॅन 100 टक्के केला तरी फरक नाही. उलट काम नसताना कार्डाचे पंखे चक्क बंद असतात! बिघाड पंख्यात आहे की कार्डात? कॅबिनेटसमोर कूलर लावू का?

उत्तर : आपल्या धाराशिव जिल्ह्यात लग्नसराई आणि ऊन एकदमच येतात. त्यामुळे वर्षातले सगळ्यात जड काम तुमच्या कार्डाच्या वाट्याला नेमके सगळ्यात तापलेल्या दिवसांत येते.

बंद पंख्यांची काळजी आधी सोडा. हल्लीची बरीच कार्डे 50-60 अंशांच्या खाली असली की आवाज आणि झीज वाचवायला पंखे स्वतःच थांबवतात. रेंडर सुरू केल्यावर थोड्या वेळात ते फिरू लागले, तर ठणठणीत आहेत. रेंडर चालू असतानाही एखादा अडखळत असेल किंवा थांबलेलाच असेल, तर मात्र तो गेला म्हणून समजा.

आता 85 अंश. या कार्डासाठी एनव्हिडियाने सांगितलेली कमाल मर्यादा 93 अंशांची आहे, म्हणजे ते जळणार नाही. पण मर्यादेच्या बरेच आधीपासून कार्ड आपला वेग उतरवू लागते, आणि रेंडर लांबते.

पंखा गारवा तयार करत नाही, तो फक्त उष्णता एका जागेवरून दुसरीकडे ढकलतो. म्हणून कार्डाचे तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर मोजायचे. जानेवारीत खोली 24 अंशांवर असेल, तर कार्ड तिच्यापेक्षा 45 अंशांनी गरम होते. आता पत्र्याखालची खोली 40 वर असेल, तर आताही अंतर 45 चेच आहे. मग कार्ड निर्दोष? जवळजवळ. पंखा पूर्ण वेगाने फिरवल्यावर हे अंतर घटायला हवे होते. ते घटले नाही, याचा अर्थ खरी गोची दुसरीकडे आहे.

3060 पूर्ण भारावर सुमारे 170 वॅट वीज खाते आणि तिची सगळी उष्णताच होते. कार्डाचे पंखे ती कॅबिनेटमध्ये सोडतात. तिथून बाहेर काढणे हे कॅबिनेटच्या पंख्यांचे काम. गंमत अशी, की मदरबोर्ड हे पंखे बहुधा सीपीयूचे तापमान बघून फिरवतो. भार कार्डावर आणि सीपीयू निवांत असला, की मदरबोर्डला वाटते सगळे आलबेल आहे. पंखे रेंगाळत राहतात आणि कार्ड आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढत बसते. खिडक्या लावून स्वयंपाकघरात नुसता छताचा पंखा फिरवावा, तसा हा प्रकार.

खात्री करायला कॅबिनेटची बाजूची काच काढा आणि तेच रेंडर पंधरा-वीस मिनिटे चालवा. तापमान सात-आठ अंशांनी उतरले, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. (पण काच कायमची काढून ठेवू नका, मे महिन्यातली धूळ फार दिवस दम धरत नाही.) काहीच फरक पडला नाही, तर कार्डाच्या पात्यांत धूळ साचली असेल किंवा आतली पेस्ट सुकली असेल.

कॅबिनेटचा दोष निघाला, तर पंखे उलटे तर बसवलेले नाहीत ना, ते बघा. पुढचे हवा आत घेणारे, मागचे आणि वरचे बाहेर टाकणारे हवेत. उदबत्ती धरली की धूरच सांगतो. मग वायर तपासा. स्वस्त कॅबिनेटमधले रंगीत दिव्यांचे पंखे पुष्कळदा थेट पॉवर सप्लायला जोडलेले असतात, त्यांच्यावर कुठल्याच सॉफ्टवेअरची हुकमत चालत नाही. तीन पिनचा पंखा मदरबोर्डला जोडला असेल, तर बायोसमध्ये त्या जागी पीडब्ल्यूएमऐवजी डीसी निवडा, नाहीतर तो सतत पूर्ण वेगानेच घोंघावेल.

एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये तुम्ही टक्के वाढवता ते फक्त कार्डाच्या पंख्यांचे. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी ‘फॅन कंट्रोल’ नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. त्यात पंख्यांना सीपीयूऐवजी कार्डाचे तापमान बघायला लावता येते : 50 अंशांना 40 टक्के, 75 ला 80 टक्के, अशी चढण ठेवा. कार्डाचा स्वतःचा पंखाही मग शंभरावर ठेवायची गरज नाही. सत्तरच्या पुढे आवाज फार वाढतो, तापमान त्या मानाने थोडेच उतरते.

कूलर जरूर लावा, पण खोलीसाठी. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी असल्याने तो खोली खरोखर चांगली उतरवतो, फक्त एक खिडकी उघडी हवी. कॅबिनेटच्या तोंडावर मात्र धरू नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार आत गेले, तर बोर्डावर पांढरे डाग उमटतात आणि पुढे गंजही चढतो.

तापलेले असताना लाइट गेली तर कार्ड जळते, असाही एक समज आहे. वीज गेली की उष्णता तयार होणेही त्याच क्षणी थांबते. धोका अर्धवट रेंडरला आणि हार्ड डिस्कला असतो, आणि यूपीएस त्यांच्यासाठीच.

हे सगळे करूनही सीझन निभत नसेल, तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणा. उष्णता लगेच कमी होते, रेंडर मात्र थोडेसेच लांबते. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरा, भिंगरीसारखे फिरू दिले तर बेअरिंग जाते. पेस्ट बदलायचे काम पावसाळ्यात, हातात वेळ असताना काढा. पण वॉरंटी शिल्लक असेल, तर कार्ड उघडण्याआधी विक्रेत्याला विचारा, स्क्रूवरचे स्टिकर फाटलेले दिसले की काही ठिकाणी वॉरंटी नाकारतात.