पहिल्या गोळीच्या आधी

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट कुणालाही वाचता येतो. एका बाजूला अँटिबायोटिक औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ असेल तर ते औषध लागू पडतं, ‘आर’ असेल तर जंतू त्याला दाद देत नाही. माझ्या मावशीच्या रिपोर्टवर नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम या घरोघरी माहीत असलेल्या नावांपुढे ओळीने ‘आर’ होता. रिपोर्ट हाती आला तेव्हा ती हॉस्पिटलात होती, थंडी वाजून ताप चढत होता आणि कुशीत कळा येत होत्या.

साठी उलटल्यापासून तिला अधूनमधून उन्हाळी लागायची. धन्याजिऱ्याचं पाणी पिऊन उतार पडला नाही, की मेडिकलमधून चार गोळ्या यायच्या. चिठ्ठी कुणी मागत नसे. जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या डब्यात जायच्या आणि पुढे कुणाच्या जुलाबाला, कुणाच्या घशाला निघायच्या. या खेपेला नेहमीच्या गोळीने काही झालं नाही, म्हणून दुसरी आणली, मग ‘जास्त पॉवरची’ तिसरी. तेवढ्या अवधीत संसर्ग मूत्राशयातून किडनीपर्यंत चढला.

रिपोर्टात नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’ होता. हे १९५३ पासून वापरात असलेलं जुनं औषध मूत्राशयातल्या ई. कोलायवर आजही बहुतेकदा चालतं. पण ते लघवीत साठतं, किडनीच्या पेशींत आणि रक्तात पुरेसं पोहोचत नाही. आठवडाभर आधी हाच रिपोर्ट असता, तर गोळ्यांवर भागलं असतं. आता शिरेतून मेरोपेनेम द्यावं लागलं.

मावशी सारखी विचारायची, “मी तर उन्हाळीला फार औषधं घेतली नाहीत, मग असं कसं झालं?” याचं उत्तर आतड्यात आहे, आणि घराघरात पोहोचायला हवी अशी गोष्ट माझ्या मते हीच आहे. लघवीच्या संसर्गाला बहुतेक वेळा ई. कोलाय कारणीभूत असतो आणि तो आपल्याच आतड्यातून येतो. सर्दीसाठी घेतलेली गोळी, जुलाबासाठी घेतलेली गोळी आतड्यातून जाते, तिथले साधे जंतू मारते आणि दाद न देणाऱ्यांना मोकळं रान देते. एका कोर्सचा हा परिणाम वर्षभरापर्यंत टिकू शकतो. शिवाय प्रतिकाराची जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जातात.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण आपल्याच देशाशी जोडलेलं आहे. २००८ साली स्वीडनमध्ये मूळच्या भारतीय अशा एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जातीचा जंतू सापडला. मेरोपेनेमच्या गटातली औषधंही त्याच्यावर चालत नव्हती. हा रुग्ण त्याआधी नवी दिल्लीत हॉस्पिटलात राहिला होता. त्या जंतूतल्या नव्या जनुकाला एनडीएम-१ हे नाव मिळालं. तेच जनुक त्या माणसाच्या आतड्यातल्या ई. कोलायमध्येही आढळलं.

कायदा नाही असं नाही. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच१’ लागू आहे. सेफिक्झिमसारखी औषधं विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत नोंदवायचं असतं आणि ती नोंद तीन वर्षं जपायची असते. केरळने २०२४ च्या जानेवारीपासून ‘ऑपरेशन अमृत’ नावाने दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. इतर राज्यांनीही असं काही करावं असं मला कळकळीने वाटतं. पण वही येईल तेव्हा येईल, तोवर घरात करण्यासारखं पुष्कळ आहे.

त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, मधुमेह असेल, दिवस गेलेले असतील किंवा घरातल्या पुरुषाला किंवा लहान मुलाला असा त्रास झाला असेल, तर कल्चरचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी द्या. गोळी पोटात गेल्यावर जंतू नीट वाढत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार बाटलीत धरा आणि नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. गेल्या वर्षभरात कुठल्याही कारणाने घेतलेली अँटिबायोटिक डॉक्टरांना सांगा, जुलाबाचीसुद्धा. जुने कल्चर रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा, कारण रिपोर्ट यायला साधारण दोन दिवस लागतात आणि तोवर कोणतं औषध सुरू करायचं हे ठरवायला डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो. ताप, कुशीत दुखणं, उलट्या यांपैकी काही असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक उलटी बाजूही आहे. वयस्कर बायकांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. मधुमेहाच्या तपासणीबरोबर लघवीचा रिपोर्ट येतो, त्यात जंतू दिसतात आणि घरचे घाबरून औषध मागतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची काही ऑपरेशनं सोडली, तर अशा वेळी बहुधा अँटिबायोटिक लागत नाही. डॉक्टर “काही देत नाही” म्हणाले, तर त्यांच्याकडे गोळीचा आग्रह धरू नका.