पाकट आणि भूछत्र : दोन विषांची तुलना

हिंगोली जिल्ह्यास समुद्र नाहीं. तेव्हां पाकट माशाची हकीकत आम्ही येथें कां सांगतों, असें कोणी विचारील. उघड विषाचें ज्ञान झालें म्हणजे छुप्या विषाचें गांभीर्य अधिक उमगतें, म्हणून हा प्रपंच.

कोंकणच्या समुद्रांत 'पॅस्टिनॅकस सेफेन' नांवाची पाकटाची जात सांपडते. अंग सुपासारखें पसरट, शेपूट चाबकासारखें लांब आणि तिच्यावर करवतीप्रमाणें दांतेरी कांटा. विष या कांट्यापाशींच असल्यामुळें तो काढून मांस खातां येतें. कांटा लागतांच असह्य वेदना होतात. हें विष प्रथिनांचें, म्हणजे लांब सांखळ्यांचें असून उष्णतेनें बिघडतें. म्हणून जखम सोसवेल इतक्या, सुमारें ४५ अंश सेंटिग्रेडच्या, पाण्यांत धरल्यास बहुधा आराम पडतो. वैद्यकीय उपचार मात्र हवेतच.

आतां युरोपांतील ओकच्या रानांत उगवणारें 'अमॅनिटा फॅलॉइड्स' हें भूछत्र घ्या. याचें विष टोपींत व दांड्यांत सर्वत्र भिनलेलें असतें. छाटून टाकावें असें कांहीं नाहीं. तेंही प्रथिनाच्याच घटकांचें, परंतु आठच घटकांचें घट्ट कडें. शिजवल्यानें वा वाळवल्यानें तें मोडत नाहीं. खातांना कांहींच जाणवत नाहीं. बहुधा सहा ते बारा तासांनीं ओकारी व जुलाब सुरू होतात, पुढें बरें वाटल्याचा भास होतो, आणि त्याच वेळीं यकृताचा नाश चालू असतो.

हीच जात आपल्याकडे उगवते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या कुळांतील विषारी जाती भारतांतही आढळतात. एप्रिल २०२२ मध्यें आसामांत रानअळंबीं खाऊन १३ माणसें दगावलीं.

औंढा, सेनगांव, कळमनुरीकडील डोंगराळ भागांत पावसाळ्यांत रानांत जाणाऱ्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें : चांदीचें नाणें वा लसूण काळा पडला नाहीं, किंवा किडींनीं खाल्लें, म्हणून अळंबें निर्विष ठरत नाहीं. अनोळखी अळंबें घरांत आणूं नये. चुकून खाल्लें गेल्यास ओकारीची वाट न पाहतां, उरलेले तुकडे बरोबर घेऊन, तडक रुग्णालय गांठावें. बरें वाटलें म्हणून परतूं नये. अळंबीची आवडच असेल तर खात्रीचें बियाणें आणून सोयाबीनच्या काडावर धिंगरी लावावी.

पाकट आपलें शस्त्र शेपटीवर मिरवितो; भूछत्र तें पानांत वाढलें तरी दाखवीत नाहीं.